वेगळी मूस

विट्यात, मायणी रस्त्याला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी दोन महिने एकच प्रश्न घेऊन बसले:
खिडकी कुणाची बसवायची?

लाकडाची नाही. स्क्रीनवरची.
तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव, वजन, टंच, घट,
आणि खाली एक बटण: पावती.

पण ही एवढीशी खिडकी
त्रिचूरला शिवदासमामाच्या जुनाट विंडोजवर उघडली पाहिजे,
सिलिगुडीला किसनसोच्या, पोरानं लिनक्स टाकून दिलेल्या डब्यावर,
आणि सेलमच्या दिग्विजयकडे. तो मॅकच वापरतो.
गलाईच्या दुकानात! ॲसिडच्या वाफेत!
आमची माणसं जिथं जिथं भट्टी पेटवून बसली
तिथं तिथं.

पहिली लायब्ररी देखणी.
कोपरे गोल, सावल्या मऊ, सरकताना लोणी.
विकणाऱ्यानं फोनवर विचारलं, किती जण कोड लिहिणार?
म्हटलं, मी एकटी.
माणशी इतके डॉलर, दरवर्षी.
आणि एखाद्या वर्षी नाही भरले तर?
तो थांबला. तेवढ्या थांबण्यात
मला गाळ्याच्या शटरला परक्याचं कुलूप दिसलं
आणि आत, मुशीत निवत गेलेल्या
कुणाच्यातरी पाटल्या.

दुसरी फुकट. घ्या, बदला, विका, नाव तेवढं ठेवा.
मी हरखले. मग तक्रारींची यादी चाळत बसले,
आप्पा दुकानातली झाडलेली माती चाळायचे तशी.
तीन वर्षांत एकाही तक्रारीला उत्तर नव्हतं.
लिहिणारा एकटाच; शेवटी त्यानं लिहिलेलं,
बाळ झालंय, आता वेळ मिळत नाही.
त्याच्यावर रागवायचं कसं?
तरी किसनसोकडे चालवून पाहिली.
टंचमधला अनुस्वार च-वर जाऊन बसला
आणि पावती दाबताच खिडकी गोठली.
समोर बाई उभी, हातात रुमालाची गाठ.
किसनसोनं गुपचूप कार्बन पेपर काढला.

तिसरी जुनी. पंचवीस वर्षांची, दिसायला जाडीभरडी.
तिचा परवाना मी तीन रात्री वाचला,
खालची गिरणी थांबल्यावर, ओळीवर बोट ठेवून.
हमी कसलीही नाही, हे तर सगळेच लिहितात, मोठ्या अक्षरांत.
(आप्पा चिठ्ठीवर एक्क्याण्णव साठ लिहून सही करायचे
ती सहीच हमी. पण आप्पांकडे कुणी फुकट मागत नव्हतं.)
अट होती ती निराळीच:
आमचं आमच्या जागी राहू दे.
तुझ्या कोडात वितळवून एकजीव करू नकोस.
उद्या कुणाला आमचा तुकडा काढून
स्वतःचा बसवायचा झाला, तर बसवता आला पाहिजे.
आणि आमच्यात काही बदललंस, तर ते उघड कर.

मी पुन्हा वाचलं.
हे तर मला सातवीतच माहीत झालं होतं.
मदुराईला, मे महिन्यात,
आप्पा दर गिऱ्हाइकाला मूस बदलत होते.
मी म्हटलं, दोघांचंही बावीसच कॅरेट,
एकत्र घातलं तर काय बिघडतंय?
त्यांनी सांडशी खाली ठेवली.
"टंच सारखा म्हणून मालक एक होत नाही.
आणि आपला टंच पटला नाही
तर तो चार दुकानं सोडून पुन्हा काढून घेईल.
घेऊ दे की. त्याचं सोनं."

तिसरी घेतली.
तिच्या फायली वेगळ्या ठेवल्या, शेजारी परवान्याची प्रत,
मदतीच्या पानावर तिच्या माणसांची नावं,
मला उच्चारताही न येणारी.
आईला सांगितलं. म्हणाली, ह्याला दोन महिने?

काल सिलिगुडीचा फोन.
"चारशे पावत्या झाल्या, एकदाबी अडकली नाही.
फक्त बटण जरा सरकारी दिसतंय, ताई."
दिसू दे.

सेलमला मॅकवर खालची ओळ अर्धी कापली जातेय.
दिग्विजयनं फोटो पाठवलाय, त्यात त्याचा काळा अंगठा.
ते आज बघायचंय.
खाली गिरणी सुरू झाली.
टेबल थरथरतंय, कपातला चहाही.